दादाच्या घरचं पाणी

त्याला सगळे रेडिओ म्हणत. बाप्तिस्म्याचं नाव होतं, नाही असं नाही, पण सलून उघडल्यापासून ते बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याला कापड बांधलं, की याचा पट्टा सुरू. कंटाळून कोणी डोळे मिटले तर हा आरशातल्या माणसाशी बोलायचा. कात्री आपली तोंडामागून फरफटत यायची.

आणि अशा माणसाला फादरांनी कम्युनियन पोहोचवायच्या कामावर घेतलं. आता काय बोलायचं! काम तसं साधं. जे आजारी आहेत, अंथरुणाला खिळलेत, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी रविवारच्या मिस्सेनंतर वेदीवरची पवित्र भाकर घरी न्यायची. त्यासाठी सोनेरी मुलाम्याची एक चपटी डबी असते, तिला पिक्स म्हणतात. ती कापडी बटव्यात घालून गळ्यात अडकवायची आणि थेट आजाऱ्याच्या घरी जायचं. वाटेत रेंगाळायचं नाही, खरेदी करायची नाही, गप्पा तर अजिबात मारायच्या नाहीत. परका माणूस म्हणेल, डबीत कागदासारखा पातळ भाकरीचा तुकडा आहे. चर्चमधला माणूस म्हणेल, डबीत साक्षात प्रभू आहे. रेडिओ दुसऱ्या प्रकारातला होता, आणि म्हणूनच त्याला या कामाची धास्ती वाटत होती.

पण खरी अडचण वेगळीच होती. त्याला पहिलंच घर मिळालं ते दादाचं, सख्ख्या थोरल्या भावाचं.

दादा सुतार. चर्चमधले बाक त्याच्या हातचे, आणि रेडिओच्या सलूनमध्ये पोरांना उंच बसवायला खुर्चीच्या हातांवर टाकायची गुळगुळीत फळी असते ना, तीही त्यानेच केलेली. वडील वारले तेव्हा त्यांची शवपेटीही दादानेच रंधली, ठोकली. रेडिओ तेव्हा परगावी होता. निरोप मिळताच निघाला, पण वाटेत पूल बंद, गाड्या अडकलेल्या. तो अंगणात पोहोचला तेव्हा पेटीचं झाकण बसलेलं होतं आणि दादाच्या हातात हातोडा होता. एकदा उघड, नुसतं तोंड बघतो, म्हणून हा रडला, पाया पडला. दादा म्हणाला, आता नाही. बस, एवढंच. मग दफनभूमीच्या फाटकात, सगळ्या गोतावळ्यासमोर, रेडिओने शपथ घेतली की मरेन पण तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. एरवी दिवसभर बडबडणारा माणूस, पण तेवढं एक वाक्य त्याने आजवर पाळलं होतं. दादाच्या वाट्याचं बोलणंही त्याने गिऱ्हाइकांना वाटून टाकलं.

आता दादाच्या घशात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. कितीतरी दिवसांत त्याला कम्युनियन मिळालं नव्हतं, कारण गिळवतच नव्हतं. पण त्याने हट्टच धरला, एकदा तरी, जाण्याआधी. त्या भागात कम्युनियन घेऊन जाणाऱ्या शाळेच्या बाई पाय मोडून बसलेल्या. रेडिओने फादरांना हजार कारणं सांगितली. फादर वयाने लहान, पण वस्ताद. ते म्हणाले, "भावाकडे तुम्ही जाऊच नका. प्रभूला जायचंय. तुम्ही फक्त पोहोचवा."

मग त्यांनी शिकवलं. गिळवत नसेल तर अगदी बारीक कण मोडायचा, चमच्यात पाण्याबरोबर द्यायचा. उरलेली भाकर आपण सेवन करायची. शेवटी डबी आणि चमचा पाण्याने खंगाळायचा, आणि ते पाणी पिऊन टाकायचं, कारण त्यात एखादा कण असू शकतो आणि तो कण म्हणजेही प्रभूच. रेडिओ काय कच्च्या गुरूचा चेला? पाणी प्यायचं ऐकताच त्याने शपथ आठवली आणि घरून स्वतःची छोटी बाटली भरून खिशात टाकली. देवाचं कामही होईल आणि शब्दही राहील.

मिस्सा संपली. फादरांनी डबीत भाकर ठेवली, बटवा त्याच्या गळ्यात घातला आणि तो पायऱ्या उतरला.

रस्ता रोजचाच होता. पण देवाशपथ सांगतो, रेडिओने तो कधी ऐकलाच नव्हता. स्वतःच्या आवाजापुढे ऐकणार कधी? आज तोंड बंद, तर त्याला वरच्या मजल्यावरचं शिलाई मशीन ऐकू आलं, पायपुसणं झटकल्याचा आवाज आला, आणि स्वतःच्या चपला. बटवा छातीला लागत होता. वजन म्हणाल तर दाढीच्या ब्रशाएवढं नसेल, पण पाऊल टाकताना त्याला वाटत होतं की काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन चाललोय.

चहावाल्याने हाक मारली, काय रे रेडिओ, आज सेल संपले की काय? एरवी याला तास पुरला नसता. आज त्याने फक्त छातीवर हात ठेवला. चहावाला आपल्या चर्चचा नव्हता. त्याला बटवा कळला नसावा, पण चेहरा कळला, कारण त्याने पुढचं वाक्य गिळलं आणि हातातली किटली खाली ठेवली. पुढे बेकरीवाली म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती. गुडघ्यांनी दावा मांडलेली बाई, सुनेला पाण्यासाठी दहा हाका मारणारी. तिने बटवा पाहिला आणि चौकटीला धरून उठून उभी राहिली. क्रुसाची खूण केली. ती आपल्याकडे बघत नाहीये हे रेडिओला कळलं. ती त्याच्या छातीकडे बघत होती. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून बोललो, त्याच्या मनात आलं, आणि आज माझ्याकडे कोणी बघत नाही तर किती बरं वाटतंय.

दादाचं घर आलं. दार उघडंच. पुढची खोली म्हणजे दादाचं कामाचं ठिकाण, पण हत्यारं भिंतीला टांगलेली आणि भुसा झाडून काढलेला. पलंग तिथेच आणला होता. उशाशी टेबलावर पांढरं कापड, क्रूस, पेटलेली मेणबत्ती. वहिनीने दारातल्या माणसाला पाहिलं आणि तिचा हात तोंडाकडे गेला. ती शाळेच्या बाईंची वाट बघत होती.

दादा उशीला टेकून बसला होता. केवढासा झाला होता! आडव्या तुळया एकट्याने उचलणारा माणूस, आणि मनगट पोराचं वाटत होतं. दाढी रानासारखी वाढलेली. रेडिओच्या हातांना ती दाढी आधी दिसली, मग डोळ्यांना भाऊ दिसला. दादा त्याच्याकडे बघत राहिला. जा म्हणाला असता तर रेडिओ गेला असता.

रेडिओने प्रार्थना सुरू केल्या. आम्ही जशी क्षमा करतो, ही ओळ आली तेव्हा त्याने ती न थांबणाऱ्या गाडीसारखी काढली. मग डबी उघडली. आतली भाकर पांढरी, गोल, तळहाताच्या खळग्यात मावणारी. त्याने नखाएवढा कण मोडला, बाटलीतल्या पाण्याबरोबर चमच्यात घेतला आणि पुढे धरला. इतक्या वर्षांनी दादाशी बोलायचा पहिला शब्द त्याला स्वतःला निवडायचा नव्हता. तो ठरलेलाच होता.

"ख्रिस्ताचे शरीर."

दादाचे ओठ हलले. आवाज कसला, नुसती हवा. "आमेन."

दादाने तोंड उघडलं. पण कण उतरेना. गळ्याची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, वहिनी भिंतीला टेकली. रेडिओने दुसरा चमचा पाणी दिलं. मग तिसरा. थोडं ओठांतून ओघळलं, ते त्याने पांढऱ्या कापडाने टिपलं. पुन्हा चमचा. तो मनातल्या मनात ओरडत होता, उतर रे प्रभू, उतर, एवढा मोठा तू, एवढासा झालास, आता एवढं अंतर तरी उतर. किती चमचे झाले त्याला भान नव्हतं. मग दादाचा कंठ एकदा वर गेला आणि खाली आला. दादाने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं दुखणं कोणीतरी हात फिरवून पुसावं तसं निवलं, आणि खोलीत असं काही शांत झालं की मेणबत्तीची वात जळताना ऐकू आली. रेडिओ गुडघ्यांवर कधी बसला ते त्याला कळलं नाही.

उरलेली भाकर त्याने स्वतः घेतली. ती जिभेवर विरघळताना त्याच्या लक्षात आलं की एकाच भाकरीचा एक तुकडा दादाच्या पोटात आहे आणि एक आपल्या. लहानपणी एका ताटात जेवायचो, त्यानंतर आजच.

मग डबी खंगाळायला बाटली उचलली, तर ती रिकामी. सगळं पाणी दादाला पाजून झालं होतं.

तो बाटलीकडे बघत बसला. वहिनीच्या ते लक्षात आलं, पण तिला शपथ ठाऊक होती, तिची जागची हलायची हिंमत होईना. चमच्यात कण होता. डबीत कण होता. ते तसेच ठेवून जाणं शक्य नव्हतं.

दादाने डोळे उघडले. "त्याला पाणी दे गं," तो म्हणाला.

वहिनीने माठातून काचेच्या ग्लासात पाणी आणलं. रेडिओने चमचा धुतला, डबी धुतली, दोन्ही पुसली, आणि ते पाणी प्यायला. हे नियमाचं पाणी, प्रभूचं पाणी. फाटकातली शपथ यात मोडली असं कोणी म्हटलं नसतं. काम झालं होतं. आशीर्वादाची प्रार्थना म्हणून तो उठू शकत होता.

"त्या दिवशी तुझ्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबलो होतो रे," दादा म्हणाला. शब्द एकेक करून येत होते. "उजेड होता तोवर झाकण हातात धरून उभा होतो. मग बाबांचा चेहरा... तुला बघवला नसता."

रेडिओने रिकामा ग्लास वहिनीपुढे धरला.

"वहिनी, अजून एक ग्लास द्या," तो म्हणाला. "तहान लागलीय."

वहिनीने डोळे पुसत ग्लास भरून आणला. तो पलंगाच्या कडेला, दादाच्या पायांजवळ बसला आणि सावकाश प्यायला लागला. दादा त्याच्याकडे टक लावून बघत होता, आणि हा एकेक घोट घेई तसा दादाचा कंठही त्याच्याबरोबर हलत होता.