तेरा छेद चौदा

बोटीवर चढल्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनींनी पाण्याच्या बाटल्यांवर रुमाल टाकला. खोलीतल्या छोट्या टेबलावर रोज दोन बाटल्या ठेवलेल्या असत आणि त्यांच्या गळ्यात किमतीचा बिल्ला असे.

"दिसल्या की तहान लागते, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "झाकलेल्या बऱ्या. जेवणघरात पाणी फुकट आहे, तिथे पोटभर पिऊन यायचं."

एकशेबारा दिवसांचा प्रवास होता. एकदा तिकीट काढलं की राहणं, खाणं, फिरणं सगळं त्यात आलं अशी आमची समजूत होती. जेवणाचे पैसे खरोखरच कुणी मागत नव्हतं. पण कपडे धुवायला टाकले तर नगावर पैसे, फोनवर घरच्यांचा चेहरा बघायचा तर पैसे, आणि मळमळतंय म्हणून डॉक्टरकडे गेलं तर इतके पैसे की मळमळ जागच्या जागी थांबावी. वहिनींनी न्हाणीघरात दोरी बांधली आणि गाऊन तिथेच वाळत घातले. "एका गाऊनच्या धुलाईत मी दोन गाऊन शिवून दिले असते यांना," असं त्या दर दोन दिवसांनी म्हणायच्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. वहिनींनी तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं, मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यांनी दुकान विकलं आणि माझी ग्रॅच्युइटी आली, तेव्हा दोघींनी ठरवलं की गुडघे ऐकताहेत तोवर जग बघून घ्यावं. माझी ग्रॅच्युइटी सुखासुखी आली नव्हती. निवृत्तीनंतर अकरा महिने मी त्या कार्यालयाच्या बाकावर बसून काढले. "फाईल वर गेलीय, बाई," आणि पुढच्या खेपेला, "फाईल खाली आलीय, बाई." त्या बाकाची कुठली पट्टी टोचते हेसुद्धा मला पाठ झालं होतं.

मला बघायचा होता ज्वालामुखी. दरवर्षी फळ्यावर मी तो लाल खडूने काढायची, आणि दरवर्षी कुणीतरी मूल विचारायचं, "बाई, तुम्ही खरा बघितलाय?" वाटेतल्या एका बेटावर तो होता. बोटीवाल्यांची तिथे वेगळी सहल होती, अर्थात वेगळे पैसे भरून. दोघींचे पैसे आम्ही निघण्याआधीच भरून टाकले होते.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी दाराखालून हिशोबाचा कागद सरकवण्यात आला. वहिनींनी चष्मा लावला.

"वन्सं, हे काय कापलंय रोजच्या रोज? माणशी. सात दिवस, चौदा वेळा. ग्रॅच्युइटी म्हणे."

"ग्रॅच्युइटी?" मी कागद हातात घेतला. तसंच लिहिलं होतं. हा शब्द मला कुणी शिकवायची गरज नव्हती. "ग्रॅच्युइटी म्हणजे माणूस निवृत्त झाला की त्याच्या मालकाने त्याला द्यायची रक्कम."

"मग यांच्या नोकरांची ग्रॅच्युइटी आपल्याकडून का कापतात?"

"तेच तर!"

आम्ही दोघी तरातरा खालच्या मजल्यावरच्या चौकशीच्या खिडकीपाशी गेलो. तिथली मुलगी फार गोड बोलणारी. "काढून टाकायची आहे का, आजी? काहीच हरकत नाही," म्हणाली आणि एक फॉर्म पुढे केला. मला वाटलं, बघा, जाब विचारला की लगेच सरळ येतात. फॉर्मवर कारणाचा रकाना होता. तो मी वळणदार अक्षरात भरला आणि खाली सही करून कंसात 'निवृत्त शिक्षिका' असं लिहिलं. परतताना वहिनी म्हणाल्या, "कापण्याच्या कामात माझा हात कुणी धरत नाही, पण आज तुम्ही मला मागे टाकलंत."

आमची खोली आवरायला एक चाळिशीचे गृहस्थ यायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. चौदा खोल्या त्यांच्याकडे होत्या. पलंग आवरून झाला की टॉवेलला घड्या घालून त्याचा ससा करून ठेवायचे, कधी हत्ती, कधी बदक. वहिनींनी त्यांचं नाव घडीभाऊ ठेवलं आणि तेही त्या हाकेला ओ देऊ लागले. मी शिक्षिका होते हे कळल्यावर ते मला 'बाई' म्हणायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात एकदा ते हत्तीची सोंड वळवत होते, पण सोंड काही वळत नव्हती. लक्ष दुसरीकडेच होतं.

"काय झालं, घडीभाऊ?"

"काही नाही, बाई. पोरगी पाचवीत आहे. अपूर्णांकात अडकलीय. पाव मोठा की अर्धा, विचारलं तर पाव म्हणते."

"का म्हणते?"

"चार दोनापेक्षा मोठे म्हणून."

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. ही चूक मी चौतीस वर्षं पाहिली होती. ही चूक करणारं मूल विचार करत असतं. त्याला फक्त विचार कुठे वळवायचा ते दाखवावं लागतं.

"तो हत्ती सोडा," मी म्हटलं, "आणि टॉवेल इकडे द्या."

मी टॉवेलची एक घडी घातली. एका टॉवेलचे दोन भाग. आणखी एक घडी घातली, चार भाग. आणखी एक, आठ. "घड्या वाढत गेल्या, तसा तुकडा लहान झाला की मोठा? तिला टॉवेल हातात घेऊन स्वतः करू द्या. तुम्ही तोंडाने उत्तर सांगायचं नाही. कितीही वेळ लागला तरी सांगायचं नाही."

घडीभाऊंनी फोनवर माझ्या हातांचं चित्रण केलं. बोटीवरचं इंटरनेट त्यांनाही विकतच होतं, त्यामुळे बंदर आलं की खाली उतरून ते घरी पाठवायचे. पुढच्या बंदरात पोरीचं उत्तर आलं. तिने आईची ओढणी घडी घालून बत्तीस भाग केले होते आणि तेहेतिसावा का होत नाही म्हणून आईशी भांडली होती.

मग हे रोजचंच झालं. ते चादर बदलायचे, मी पाच मिनिटं शिकवायची, आणि वहिनी मागून म्हणायच्या, "फी घ्या हो वन्सं, या बोटीवर फुकट काही मिळत नाही." बोलताबोलता त्यांच्या घरचंही कळत गेलं. करार संपला की रजा मिळते, पण बिनपगारी. जवळच्या पैशांत जितके दिवस घर चालेल तितके दिवस घरी राहायचं, मग पुढची बोट. पोरीच्या दोन वार्षिक परीक्षा त्यांच्याशिवाय झाल्या होत्या. यंदा तिची परीक्षा संपेपर्यंत घरी राहायचं त्यांच्या मनात होतं.

चौसष्टाव्या दिवशी घडीभाऊ फोन घेऊन आले. मी पोरीला गृहपाठ दिला होता की आपल्या घरातलं एक उदाहरण स्वतः तयार करून सोडव. तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. मी चष्मा पुसून वाचू लागले.

'माझ्या बाबांकडे चौदा खोल्या आहेत. एका खोलीची ग्रॅच्युइटी मिळाली की बाबा बारा दिवस घरी राहू शकतात. तेरा खोल्या ग्रॅच्युइटी देतात. एक खोली देत नाही. तर किती भाग खोल्या देतात? उत्तर: तेरा छेद चौदा. म्हणून बाबा परीक्षा संपायच्या बारा दिवस आधी जातील.'

"उत्तर बरोबर आहे," मी म्हटलं. जुनी सवय, तोंडातून आधी तेच बाहेर पडलं. मग विचारलं, "घडीभाऊ, ती एक खोली कुठली?"

"उदाहरण आहे हो, बाई. पोरीने बनवलंय आपलं." ते उशीचा अभ्रा चढवू लागले. तो आधीच चढवलेला होता.

मी तडक खिडकीपाशी गेले. वहिनी चपला हातात घेऊन मागोमाग.

"मुली, ग्रॅच्युइटी म्हणजे काय गं?"

"बक्षिशी, आजी. टिप. लांबच्या प्रवासात रोजची थोडी थोडी कापतो आम्ही. खोलीमागे ठरलेला वाटा ती आवरणाऱ्याला, बाकीची वाढपी आणि खाली धोबीखान्यातली माणसं यांच्यात वाटली जाते. त्यांच्या कमाईतला मोठा वाटा तोच असतो."

"मग तसं लिहायचं नाही का?"

"लिहिलंय ना, आजी. त्याच कागदावर, खाली तळटीप आहे."

"म्हणजे टिपेबद्दलची टीप तळाला!" वहिनी म्हणाल्या. "आणि आमच्या बाई आयुष्यभर मुलांना सांगत आल्या, प्रश्न शेवटपर्यंत वाचा."

मला तो बाक आठवत होता. ज्या शब्दासाठी मी अकरा महिने त्या बाकावर बसले, तोच शब्द मी दुसऱ्याच्या ताटातून काढून घेतला होता, तोही वळणदार अक्षरात.

"मागच्या चौसष्ट दिवसांसकट सगळी पुन्हा लावता येईल का?"

"येईल. पण तुमच्या खात्यात तेवढे शिल्लक नाहीत, आजी." तिने पडद्यावर पाहिलं. "ज्वालामुखीची सहल आहे तुमची परवा. ती आज दुपारी बारापर्यंत रद्द केलीत तर पूर्ण पैसे परत मिळतील. तरी थोडे कमीच पडतील."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. मी वहिनींकडे पाहिलं. निम्मी सहल त्यांची होती.

"माझ्याकडे काय बघताय?" त्या म्हणाल्या. "डोंगरच तो. बोटीवरून दिसणार नाही की काय? रद्द करा." मग त्यांनी अंगातलं जाकीट काढलं, पिशवीतून शिवणाची छोटी कात्री काढली आणि त्या मुलीच्या देखत अस्तराची शिवण उसवली. आतून घडी घातलेल्या नोटा निघाल्या. "अडीअडचणीला म्हणून शिवून ठेवल्या होत्या. अशा तोंडाने बघू नका वन्सं, अस्तर मी पुन्हा घालीन."

मी सही केली. या वेळी आधी तळटीप वाचली.

संध्याकाळी घडीभाऊ आले तेव्हा मी त्यांना खुर्चीत बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. पाहुण्यांच्या खुर्चीत बसायची त्यांना परवानगी नव्हती. मग मीही उभी राहिले.

"घडीभाऊ, ती खोली आमची होती. मला शब्दाचा अर्थच वेगळा ठाऊक होता. माझं चुकलं. आज सगळं पुन्हा लावलंय, पहिल्या दिवसापासूनचं."

"मला ठाऊक होतं, बाई, खोली तुमची ते."

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुण्यांशी पैशांबद्दल आम्हाला बोलता येत नाही. आणि…" ते हसू दाबत होते. "फॉर्मवर कारणाचा रकाना असतो ना. सगळे लिहितात, सेवा समाधानकारक नाही. तसा कागद आला की चार दिवस घास गोड लागत नाही. तुमचा कागद मुकादमाने आम्हाला वाचून दाखवला."

"काय लिहिलं होतं हो मी?"

वहिनींना पाठ होतं. "'कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी देणे हे मालकाचे कर्तव्य असून ती त्याने वेळेवर व पूर्ण द्यावी.'"

"धोबीखान्यात इस्त्रीच्या टेबलावर लावलाय तो, बाई. येणारा-जाणारा वाचतो. पैसे कापणारे पुष्कळ पाहिले, पण पैसे कापून आमची बाजू घेणारं माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिलं."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. रुमाल बाजूला करून मी एक बाटली उघडली आणि त्यांना पाणी दिलं. पुढच्या हिशोबाच्या कागदावर तेवढं पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेट आलं. सहलीची माणसं टोप्या घालून उतरली. आम्ही दोघी वरच्या डेकवर कठड्याला धरून उभ्या राहिलो. ज्वालामुखी लांब होता. माझ्या चित्रातल्यासारखा टोकदार नव्हताच. वरून कुणी सुरीने कापल्यासारखा सपाट होता, आणि एका कडेने दोऱ्याएवढा धूर निघत होता. लाल काहीही नव्हतं.

"चौतीस वर्षं चुकीचा काढला मी," मी म्हटलं.

"मग आता कळलं ना? कळवा तुमच्या सगळ्या पोरांना," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर जाकीट टाकलं. अस्तर अजून उसवलेलंच होतं, त्यामुळे वारं आतून खेळत होतं, तरी मी ते काढलं नाही.

खोलीत परत आलो तर पलंगावर टॉवेलचा डोंगर उभा. माथ्याला खड्डा आणि त्यातून डोकावणारा जेवणघरातला लाल रुमाल. डोंगर चांगला टोकदार होता, माझ्या फळ्यावरच्यासारखा. घडीभाऊ दारात उभे होते, हातात फोन.

"बंदरावरून घरी कळवलं, बाई. पोरीने लगेच नवं उदाहरण पाठवलंय. तपासून द्या म्हणते."

मी वाचलं. 'आता चौदा खोल्या ग्रॅच्युइटी देतात. तर किती भाग खोल्या देतात? उत्तर: चौदा छेद चौदा. बाबा परीक्षा संपेपर्यंत घरी.'

घडीभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि कागदावर शेरा लिहून दिला, त्याचा फोटो काढून पाठवा म्हटलं. वहिनींनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

"पाचपैकी साडेचार? अहो वन्सं, आता अर्धा गुण कशाचा कापलात?"

"अतिसंक्षिप्त रूप दिलं नाही तिने. चौदा छेद चौदा म्हणजे एक. पूर्ण एक. तिला म्हणावं, टॉवेलची घडी उलगडून बघ."

"पुन्हा कापायला लागल्या," वहिनी घडीभाऊंना म्हणाल्या, आणि जाकीट मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवू लागल्या.