बिनरिलेचं काम

जळक्या डॅशबोर्डमधून मी चिमट्याने जे बाहेर काढलं त्याची यादी अशी: तीन पिनांचा काळा स्विच, एक, त्यातल्या दोन पिना वितळलेल्या प्लास्टिकमध्ये बुडालेल्या. वायरीचे तुकडे चार, मिळून एकशे बारा सेंटिमीटर. नुसते पिळून केलेले जोड तीन, प्रत्येकावर काळ्या टेपचे पाच वेढे. फ्यूज शून्य. रिले शून्य.

बाबांनी आयुष्यात गाडीत टेप गुंडाळली नाही. जोड सोल्डर करायचा, वर नळी चढवायची, ती गरम करून आकसवायची, मगच पुढचा जोड. तरीही हे काम बाबांच्या नावावर होतं.

नावावर घातलं होतं भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान बाबांचं, गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत; लग्नानंतर भाऊजीही तिथे बसू लागले. बाबा न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले होते तेव्हा भाऊजींनी एका व्हॅनला धुक्यासाठीचे जादा दिवे बसवले. महिन्याभरात स्विच पेटला आणि चालकाचा तळहात भाजला. भाऊजींनी मालकीणबाईंना सांगितलं, "सासऱ्यांचं काम हो ते. हल्ली हात थरथरतात त्यांचे. आता आम्ही जावयांनी बोलायचं कसं?" बाबांच्या कानावर आलं. ताईच्या संसाराकडे पाहून ते गप्प बसले. त्याला साडेतीन महिने झाले होते. ते खिडकीशी बसून असत आणि हत्यारांची पेटी पलंगाखाली.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच एका प्रयोगशाळेत लागले होते. न्याय वगैरे बाबांना हवा असेल. मला भाऊजींचा उतरलेला चेहरा बघायचा होता, तोही गिऱ्हाइकासमोर.

औषधं पोचवणाऱ्या सहा व्हॅन त्या मालकीणबाईंच्या. सगळे त्यांना कप्तान म्हणत. उरलेल्या पाच व्हॅनना दिवे लावायचे होते, आणि काम कुणाला द्यायचं हे त्या शनिवारी पहिली गाडी बघून ठरवणार होत्या. जळका डॅशबोर्ड मी त्यांच्याच गॅरेजमधून मागून आणला होता. शनिवारी मी रजा टाकली आणि प्रयोगशाळेचा तापमापक पर्समध्ये, जळके तुकडे पिशवीत घालून दुकानात जाऊन बसले. कप्तान पहिली गाडी घेऊन आधीच आल्या होत्या.

"या, शास्त्रज्ञ बाई," भाऊजी म्हणाले. "आज आमच्यावर प्रयोग वाटतं?"

"शिकायला आलेय."

"शीक, शीक. तुमच्या पुस्तकात हे नसतं."

मी काउंटरवर तीन स्विच मांडले. "यातला कुठला घ्यायचा?"

त्यांनी लाल दिव्याचा काळा उचलला. "हा. रुबाब बघ याचा. आणि सोळा अँपिअर लिहिलंय, वाच."

"पुढे अडीचशे व्होल्ट एसी लिहिलंय. तो घरातल्या विजेसाठी आहे."

"वीज ती वीज."

"शंभर वॅटचे दोन दिवे म्हणजे बारा व्होल्टवर सोळाच्या वर जातंय, भाऊजी. रिले लावला तर भार तो उचलेल. स्विचला नुसता इशारा द्यायचं काम."

"बापाची भाषा बोलायला लागली," ते कप्तानकडे बघून हसले. "रिले म्हणजे भित्र्यांचं काम. मी नेहमी असंच बसवतो."

"नेहमी?"

"डोळे झाकून."

मी उरलेले दोन स्विच उचलून बाजूला ठेवले. आणखी समजावलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं, आणि तेच मला नको होतं.

पाऊण तासात काम झालं. इंजिन सुरू केलं, दिवे लावले, मी तापमापकाची तार स्विचला चिकटवली. ताई काउंटर सोडून बाहेर आली आणि काही न विचारता आकडे वाचू लागली. पाचव्या मिनिटाला चव्वेचाळीस. दहाव्याला अठ्ठावन्न. पंधराव्या मिनिटाला सगळ्यांनाच वास आला.

"नवं प्लास्टिक आहे, वास येणारच," भाऊजी म्हणाले.

"मग ठेवा की बोट," मी म्हटलं.

त्यांनी ठेवलं, आणि लगेच तोच हात मान खाजवायला नेला. "कोमट आहे."

"एकाहत्तर," ताईने वाचलं. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही.

मी पिशवी उघडून जळके तुकडे बॉनेटवर मांडले. कप्तानने जुना जोड हातात घेतला, मग वाकून डॅशबोर्डखालचा नवा जोड पाहिला. बोटाने टेपचे वेढे मोजले.

"इथे पाच, तिथेही पाच. हे मास्तरांचं काम म्हणाला होतात ना?"

"तेव्हा सांगण्यात जरा गोंधळ झाला, कप्तान."

"गोंधळ नाही," ताई म्हणाली. "खोटं बोललात."

कप्तानने स्वतः हात घालून दिवे बंद केले. "सगळं उपटून काढा. पाचही गाड्या मास्तरांच्या. येतील ना गं ते?"

"येतील. पण एक अट आहे, ती मात्र माझी," मी म्हटलं आणि सांगितली. कप्तान हसल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. शर्ट अंगावर लोंबत होता, हात स्थिर होते. बॅटरीजवळ फ्यूज, शेजारी रिले, आत साधा छोटा स्विच. ते "पक्कड" म्हणाले की भाऊजींनी पक्कड द्यायची, "नळी" म्हणाले की नळी. काम संपलं तेव्हा कप्तानचे सहाही चालक गाडीभोवती जमले होते, तळहात भाजलेला सगळ्यात पुढे.

"बसा, भाऊजी," मी म्हटलं. "बोट स्विचवर. पंचवीस मिनिटं उचलायचं नाही."

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. "झालं ना आता."

"नाही झालं."

भाऊजी बसले. ताईने घड्याळ धरलं.

"चटका बसला तर सांगा, साहेब," भाजलेला चालक म्हणाला. "अर्धी ट्यूब मलम उरलंय माझ्याकडे." बाकीचे हसले. भाऊजी समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत राहिले.

पंचवीस मिनिटांनी मी मोजलं. गाडीतली हवा तीस अंश, स्विच एकतीस, भाऊजींचं बोट चौतीस.