दरवाजा हळू लावा

पेंटरने उजवा डोळा मिटला, त्या गालाला साबण चोळला, पाण्याने धुतला, डोळा उघडला आणि मगच डावा मिटला. तोंड धुवायची ही त्याची नवी पद्धत होती. एका वेळी एक डोळा, एक हात बेसिनवर आणि पाठीमागे उघड्या दारात बायको. एवढं करून साबण उघड्या डोळ्यात गेलाच. त्याने तो मिटला नाही. पाणी गळू दिलं आणि समोरच्या टाइलवर नजर रोवून तो उभा राहिला.

"डोळ्यात गेला ना?" बायकोने विचारलं.

"नाही."

"लाल झालाय."

"दिसतंय तर विचारतेस कशाला?"

घाबरल्यावर माणसं पायाखालची जमीन सरकली म्हणतात. त्याची खरोखरच सरकत होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव लांबलचक सांगितलं होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. घरात त्याचं एमएस झालं. नसांवरचं वेष्टण झिजतं आणि पायांकडून निघालेला निरोप डोक्यापर्यंत पोचता पोचता वाटेतच हरवतो. आपण जमिनीवर आहोत हे त्याच्या पायांना आता कळत नव्हतं. ते काम डोळे करायचे. डोळे मिटले की जमीन गेली.

हे त्याला कळलं ते डोक्याला शॅम्पू लावलेला असताना. दोन्ही डोळे मिटले आणि तो नळावर कपाळ आपटून खाली गेला. दाराला आतून कडी होती. बायकोने शेजाऱ्याला बोलावून दार फोडलं, तोवर फरशीवरचा फेस गुलाबी झाला होता. सुताराने दार सांधून दिल्यावर तिने स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कडी काढून टाकली. स्क्रूची भोकं तशीच राहिली. ती पुट्टी भरून बुजवणं पेंटरला चहा पिण्याइतकं सोपं होतं. त्याने बुजवली नाहीत.

सगळं आयुष्य शिडीवर गेलेला माणूस. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकच्या फळ्या, काय म्हणाल ते त्याने रंगवलं होतं. शिडी सुटली, ते त्याने गिळलं. पण दार लावून, एकट्याने, डोळे मिटून अंगावर पाणी घ्यायचं, एवढी एक गोष्ट त्याला परत हवी होती. आणि जगात दुसऱ्या कशालाही तो इतका भीत नव्हता.

फिजिओथेरपिस्ट त्याच्या लेकीच्या वयाची होती आणि त्याला काका म्हणायची. तिने त्याच्या हातात प्लॅस्टिकची एक आखूड नळी दिली. आत स्प्रिंग होती. तोंडात धरून श्वास आत ओढायचा, आणि स्प्रिंग तो ओढू द्यायची नाही.

"लोक श्वास मोकळा करायला दवाखान्यात येतात," तो म्हणाला, "तुम्ही तर कोंडायचं यंत्र देताय."

"व्यायामच आहे हा. ज्या स्नायूंनी श्वास ओढता, तेच धडही सावरून धरतात. ते दमलेले असले की दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत."

"म्हणजे हे ओढलं की मी पडणार नाही?"

"तसं वचन नाही देणार. काही जणांना उपयोग होतो. करून बघू."

वचन दिलं नाही, म्हणून त्याचा तिच्यावर विश्वास बसला. तो सकाळ-संध्याकाळ नळी ओढू लागला. खोकल्यात जोर आला. बोलताना वाक्य मध्येच तुटायचं थांबलं. तिने स्प्रिंग दोनदा घट्ट केली. पण पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं की गाडी तिथेच अडायची. तो लाकडासारखा ताठ व्हायचा आणि तसाच्या तसा तिच्या हातांत कलायचा. दवाखान्याच्या बाहेर चाकांच्या खुर्च्या ओळीने लावलेल्या असत. येताजाता तो त्यांच्याकडे बघायचा नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो त्याच्या बाबतीत रोज त्या खुर्च्यांत बसलेला असे.

एके दिवशी तिने त्याच्या पायांऐवजी छातीकडे पाहिलं.

"काका, तुम्ही श्वास घेतच नाही आहात."

"घ्यायचा नसतोच."

"कोणी सांगितलं?"

"उस्तादांनी. एकदा रेघ धरली की संपेपर्यंत श्वास नाही. छाती हलली की हात हलतो, हात हलला की रेघ गेली. सगळे पेंटर असंच करतात."

"पण इथे ब्रश कुठाय?"

पेंटर विचारात पडला. "आता मीच ब्रश," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

"मग बोलत राहा. बोलायचं म्हटलं की श्वास घ्यावाच लागतो. पाठ असेल ते म्हणा."

त्याला पाठ होतं ते एकच. त्याने डोळे मिटले.

"येथे गाड्या लावू नयेत," तो म्हणाला. "पंक्चर काढून मिळेल. येथे थुंकू नये. दरवाजा हळू लावा."

थेरपिस्ट खुदकन हसली. खुर्चीच्या कडेवर बसलेली बायको हसली नाही. तिचे दोन्ही हात, कोणी पडणारं भांडं झेलायला धरावेत तसे, अर्धवट पुढे आले होते. पेंटर डुलला, पुन्हा सरळ झाला आणि उभा राहिला.

मग घरी कोपऱ्यात सराव सुरू झाला. दोन बाजूंना भिंती, पुढे खुर्ची, मागे बायको. ती शिवणकाम करायची. तो जागचा उठला की मशीन बंद पडायचं आणि ती पाठीशी येऊन उभी राहायची. तिचे हात त्याच्या कमरेला लागायचे नाहीत, पण त्यांची ऊब लागायची. तो पाट्या म्हणायचा. ती एक शब्द बोलायची नाही. हा पहारा त्याला कधीकधी आजारापेक्षा जड वाटे, आणि असं वाटल्याची लगेच लाजही वाटे.

बाथरूमच्या भिंतीला धरायचा दांडा बसला, खाली रबरी चटई आली आणि थेरपिस्टने मान हलवली: आता दार लोटायला हरकत नाही.

"तू शिवायला बस," त्या सकाळी तो म्हणाला.

"उघडं ठेवा ना थोडं."

"लोटतो नुसतं. कडी आहे कुठे लावायला?"

ती तिथेच घुटमळली. "आवाज देत राहा," एवढंच म्हणाली.

दार लागलं आणि पेंटरचं धाबं दणाणलं. नळ तोच होता. कपाळावरची खूण त्याला ओळखत असावी, ती ठणकू लागली. परत बोलवावं हिला, कोण हसणार आहे, असं ओठांवर आलं. त्याने दोन्ही गालांना साबण लावला. मग एक डोळा मिटला. मग, जीव मुठीत धरून, दुसरा.

जमीन गेली. बोटं दांड्याला घासून निसटली, परत सापडली. छातीतला श्वास आपोआप थांबला होता.

"पंक्चर," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "पंक्चर काढून मिळेल. चष्मे बनवून मिळतील. येथे गाड्या लावू नयेत." श्वास खाली पोटापर्यंत गेला, परत आला. तळव्यांखाली रबराचे खवले लागले. थोडेसेच, पण लागले. "येथे थुंकू नये. दरवाजा हळू लावा."

पुढची पाटी आठवेना. तो थांबला आणि तेव्हा त्याला बाहेरची शांतता ऐकू आली.

मशीन चालू नव्हतं. पावलं गेली नव्हती. ती दाराशीच होती, आणि तरी तिथून काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. तो पडला त्या दिवसापासून, तो उठला की त्याच्या पाठीशी हीच येऊन उभी राहायची. त्या शांततेला तो पहारा समजत होता. जन्मभर रेघा मारणाऱ्या माणसाला हे कळायला इतके दिवस लागले.

"अगं," तो दाराकडे तोंड न वळवता म्हणाला, "श्वास घे."

त्याने दांडा घट्ट धरला.

"रेघ लांब आहे गं. मधे घेतला तर चालतं."

मग दारापलीकडे एक श्वास आत गेला, अडखळत, फाटत, खूप खोलवर. आणि त्याच्यामागून दुसरा. ते एकसारखे होईपर्यंत पेंटर ऐकत उभा राहिला. गालांवरचा साबण सुकून ओढू लागला होता, पण डोळे उघडायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.