एकोणिसाव्या वर्षीचा कच्चा टाका

फुटबॉल लीगला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तिचा इतिहास छापायचं ठरलं आणि काम शिंप्याच्या गळ्यात पडलं. सामन्यांची वही आधी त्याच्या वडिलांनी ठेवली होती, नंतर त्याने. गोलची जाळीही त्यांच्याच दुकानात शिवून निघायची.

पहिली अठरा वर्षं त्याने हसत हसत लिहिली. गोदामामागच्या मैदानात खेळलेले पहिले चार संघ, अकराव्या गड्याचं लग्न निघालं म्हणून दहा जणांत खेळून जिंकलेला न्हाव्यांचा संघ, सगळं आलं. एकोणिसाव्या वर्षापाशी मात्र गाडी अडली. वहीत त्याच्याच अक्षरात होतं: अंतिम सामना, बाजार संघ एक, भट्टी संघ शून्य.

बाजार संघाचा गोलकीपर तो स्वतः होता. त्या सकाळी जाळीचा डावा कोपरा फाटलेला दिसला. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं, म्हणून त्याने कच्चा टाका घातला आणि पक्का नंतर घालू म्हणून विसरला. शेवटच्या मिनिटाला भट्टी संघाच्या बेकरीवाल्याने चेंडू हाणला. चेंडू खांबाच्या आतून गेला, टाके तटातट उसवले आणि तो पार मागच्या भिंतीवर आपटला. पंच लांब होता. या लीगची जुनी रीत अशी की शंका आली तर गोलकीपरला विचारायचं आणि त्याचा शब्द शेवटचा. पंचाने विचारलं. शिंपी म्हणाला, "बाहेर."

बेकरीवाला म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मोकळा गोल चुकवला म्हणून त्याच्याच संघाने त्याला फाडून खाल्लं. त्याने बूट माळ्यावर टाकले ते टाकलेच. येणं-जाणं, बोलणं सगळं नीट होतं, फक्त फुटबॉलचा विषय निघाला की भावजी उठून भट्टीकडे जात. एकतीस वर्षं शिंपी तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. आता खोटंच छापलं तर ते कायमचं खरं होणार होतं, आणि खरं लिहिलं तर ताईच्या घराशी नातं तुटलं असतं. त्याला खरोखर भीती वाटली. तरी त्याने लिहिलं, आणि छापखान्याआधी कागद बेकरीत नेला.

भावजींनी पिठाचे हात पुसले, चष्मा लावला आणि ओट्याशी उभ्याउभ्याच वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"अगं, बाहेर ये!" भावजींनी आत हाक मारली. ताई लगबगीने आली. "ऐक. आत गेला होता. तुझा भाऊ लिहून देतोय."

"कोण? काय गेलं आत?"

"माझा गोल गं!" त्यांचा आवाज फाटला. "आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं मी. पण सगळेच नाही म्हणाले, तेव्हा मलाही वाटायला लागलं, आपलंच चुकलं असेल."

"चुकलं माझं, भावजी," शिंपी म्हणाला.

ताईने भावाकडे असं पाहिलं, की लहानपणचा मार परवडला. भावजींनी खिशातून पेन्सिल काढली.

"इथे उजव्या पायाने लिहिलंयस. डाव्याने मारला होता. एवढं नीट कर." आणि शिंपी बाहेर पडत होता तेव्हा मागून म्हणाले, "रविवारी म्हाताऱ्यांचा सामना आहे म्हणे. भट्टीकडून किती जण आहेत?"

"दहा."

भावजी परत पीठ मळायला लागले.

रविवारी शिंपी गोलमध्ये उभा राहिला, तेव्हा भावजी माळ्यावरचे बूट घालून लंगडत आले. सामना सुरू व्हायच्या आधी ते सरळ त्याच्या मागे गेले आणि जाळीचा डावा कोपरा दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

"पक्का घातलास?"

"दुहेरी दोरा आहे, भावजी."

"बरं," ते म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.