दोन अंश कमी

मी एक जुना थर्मामीटर आहे आणि मित्रांनो, मी जन्मापासून खोटं बोलतोय! मुद्दाम नाही हं. माझ्या काचेवर खुणा कोरताना कारागिराला सटासट शिंका आल्या आणि सगळ्या खुणा वर सरकल्या. तेव्हापासून मी खऱ्यापेक्षा दोन अंश कमीच दाखवतो.

हे कोणालाच कळलं नाही. मी दुधाच्या प्रयोगशाळेत आलो. किती तापवलं की दुधातले जंतू मरतात, हे तिथले मोठे सर शोधत होते. मी एकसष्ट दाखवलं की जंतू मरायचे. दूध मात्र तेव्हा त्रेसष्टवर असायचं! सरांनी वहीत एकसष्ट लिहिलं, ते पुस्तकात छापलं गेलं आणि मला मखमली पेटी मिळाली. काय माझी ऐट होती तेव्हा!

मग नियमच झाला. नवा थर्मामीटर आला की तो माझ्याशेजारी त्याच पाण्यात बुडवायचा. माझ्याशी जुळला तर कामाचा, नाहीतर बाद. कितीतरी खरे बिचारे माझ्यामुळे बाद झाले!

एक दिवस एका लांबच्या डेअरीचं पत्र आलं. पुस्तकात वाचून, तिथल्या खऱ्या थर्मामीटरवर एकसष्टला तापवलेलं दूध पिऊनही तिथली लहान मुलं आजारी पडत होती.

"नीट तापवत नसतील," सर म्हणाले.

"सर, बाद केलेले अकरा थर्मामीटर मी ठेवून दिलेत," दूध तपासणाऱ्या ताई म्हणाल्या. "ते आपापसात अगदी जुळतात. फक्त याच्याशी जुळत नाहीत."

"म्हणजे अकराच्या अकरा बिघडलेले!"

"की हा एकटाच? वितळत्या बर्फात बुडवून बघू या ना. शून्य दाखवायला हवं. पाच मिनिटांचं तर काम आहे."

"ताई, याच्यावर माझी वीस वर्षं उभी आहेत. शहाणपणा पुरे!"

ताईंनी तरी बर्फ आणलाच. सरांनी तो बेसिनमध्ये ओतला. पुढच्याच आठवड्यात ताईंना बाटल्या मोजायच्या कामावर पाठवलं आणि ते अकरा थर्मामीटर फोडून टाकले.

आता सरही नाहीत. पत्रं मात्र येतच राहतात. उत्तर जातं, "पुन्हा तपासले. एकसष्ट बरोबर आहे." खरंच तपासतात हो, पण माझ्यानेच!

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे ना, त्यालाच आधी तपासा. मला हे ओरडून सांगायचंय, पण मला नुसते आकडे दाखवता येतात.

आज सकाळीही मला दुधात बुडवलं. पारा चढला आणि थांबला.

"एकसष्ट," कोणीतरी म्हणालं आणि वहीत लिहून घेतलं.