दोन वितींचं अंतर

"खोलीतून बाहेर पडताना पाय पुसतेस ना, तसे कानही पुसायचे. आत ऐकलेलं आतच ठेवायचं."

वॉर्डच्या जुन्या मुख्य परिचारिका, मोठ्या बाई, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी वॉर्डच्या दारातल्या पायपुसण्यावर पाऊल पडलं की वहिनींना त्यांचा आवाज ऐकू यायचा. त्या दुपारीही आला, आणि वहिनी तिथंच थांबल्या. मॅडमनी तातडीनं बोलावलं होतं. वहिनींच्या स्वतःच्या कॉलेजप्रवेशाचा अर्ज भरायची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती, आणि अर्जाला जोडायची पानं कालपासून मॅडमच्या टेबलावर होती.

त्यांना वहिनी म्हणायला सुरुवात केली ती त्यांच्या धाकट्या दिरानं. तो रुग्णालयाची गाडी चालवायचा. त्यानंच त्यांना मानसोपचार विभागात मदतनीस म्हणून लावून दिलं आणि पहिल्याच दिवशी लांबलचक व्हरांड्यातून "वहिनी, डबा विसरलात" अशी हाक मारली. तेव्हापासून डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या. आपल्याला इतके भाऊ आहेत हे आईनं आजवर लपवून ठेवलं, असं त्यांचे यजमान म्हणायचे.

काम आवडीचं होतं. कुणाची वेणी घालायची, कुणाला दोन घास भरवायचे, बरं वाटून घरी गेलेल्यांकडे घरभेटीला जायचं. पण वॉर्डच्या टोकाला एक बंद दाराची खोली होती. तिथं मॅडम रुग्णाला आणि त्याच्या माणसांना समोर बसवून तासन्‌तास बोलत. मॅडम डॉक्टर नव्हत्या. क्लिनिकल सोशल वर्क, म्हणजे उपचारातलं समाजकार्य, शिकलेल्या होत्या. रुग्णाला त्या दारापर्यंत आणायचं आणि मागं फिरायचं, एवढंच वहिनींचं काम. आत गेलेलं माणूस बाहेर येताना वेगळं चालायचं. आत काय होतं हे शिकावं, असं वहिनींच्या मनानं कधी घेतलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन पदवी झालीच होती. आता पुढचं शिक्षण.

घरात हसू झालं. सासूबाई म्हणाल्या, लेकीला कॉलेजात घालायच्या वयात ही स्वतःच दप्तर भरतेय. यजमान मात्र संगणकावर कुठल्या ठिकाणी काय शिकवतात ते बघायला रोज शेजारी येऊन बसू लागले. एक मोठी नावाजलेली संस्था परगावी होती. तिथं वसतिगृहात राहावं लागलं असतं, आणि सासूबाईंचे गुडघे बघता ते जमणारं नव्हतं. दुसरीकडे घरबसल्या पदवी मिळत होती. यजमानांना तेच पसंत. वहिनींनी तिथं फोन लावून एकच विचारलं, की शिकत असताना मी रुग्णासमोर बसले तर माझ्यामागं कोण बसणार? माझं चुकलं तर मला कोण सांगणार? पलीकडच्या मुलानं बराच वेळ कागद चाळले आणि तसं काही अभ्यासक्रमात नाही म्हणून सांगितलं. मग ते नाव वहिनींनीच खोडलं.

उरलं ते गावातलंच कॉलेज. संध्याकाळचे वर्ग, दिवसा रुग्णालयात काम आणि दर आठवड्याला कुणीतरी अनुभवी माणूस समोर बसवून तुमच्या चुका काढणार. जागा थोड्या. नोकरी करणाऱ्यांसाठी वयाची अट होती, आणि वहिनींना ती पुढच्या वर्षी आड येणार होती. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

अर्जाला एक गोष्ट जोडायची होती, ती म्हणजे शब्दशः नोंद. रुग्णाशी झालेलं एखादं बोलणं जसंच्या तसं लिहायचं. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, आणि तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं. निम्मे गुण त्या नोंदीलाच होते. वहिनींनी ती लिहिली होती, आणि लिहिताना हात कुठं अडला नव्हता.

मॅडमनी पानं पुढ्यात ओढली. "छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "फार छान. आणि कुणाबद्दल आहे ते मला पहिल्याच पानावर कळलं."

वहिनींनी घाईनं सांगितलं, की नाव कुठंच नाही. वय बदललंय, खाटेची जागा बदललीय, शिवणकाम काढून तिथं शाळेतली नोकरी घातलीय.

मॅडमनी अंगठा आणि करंगळी ताणून टेबलाची कड एक वीत मापली आणि वहिनींकडं पाहिलं.

वहिनींनी ती खूण ओळखली. शिवणवाल्या काकू. अख्ख्या वॉर्डात असं मापायची सवय त्यांनाच होती. जन्मभर लोकांचे कपडे बेतलेल्या त्या हातानं काकू उशी मापत, खिडकी मापत, डॉक्टर उभे राहिले की हवेतच त्यांचे खांदे मापत. सगळे हसत, काकूही हसत. पण कित्येक आठवडे त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि बोलल्या तेव्हा वहिनींशीच. घर सोडून गेलेल्या लेकीबद्दल. लेक भांडून स्वतःच्या पायांनी गेली, असं सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. काकूंनी चादरीवर हात ठेवून सांगितलं होतं, "मीच म्हटलं होतं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. ती दारात उभी होती. माझ्यापासून दोन विती. हात लांबवला असता तर धरता आली असती."

सगळी नोंद त्या दोन वितींवर उभी होती. त्या काढल्या तर मागं नुसता कागद उरत होता.

"त्या कॉलेजातले, दर गुरुवारी इथं विद्यार्थी घेऊन येणारे सर अर्ज तपासायला बसतात," मॅडम हळूच म्हणाल्या. "त्यांचेही खांदे मापून झालेत. काकूंचा भाचा त्यांच्याच ऑफिसात काम करतो, माहितेय ना?"

ते वहिनींना माहीत होतं. आणि लिहिताना ते एकदाही आठवलं नव्हतं. आपलं लिहिणं चांगलं होतंय, एवढंच डोक्यात होतं.

"मी त्यांना विचारून येते."

"विचारा. शिफारसपत्र मी पाठवलंय, ते काही परत घेणार नाही. पण एक बघा वहिनी. ती बाई खाटेवर आहे आणि रोज तिची वेणी तुम्ही घालता. ती तुम्हाला नाही कशी म्हणणार?"

काकू खिडकीशी बसल्या होत्या. वहिनींना बघताच त्यांनी केस मोकळे केले, वेणीची वेळ झाली असं समजून. वहिनी मागं बसल्या, फणी हातात घेतली, मग फणी बाजूला ठेवून समोर येऊन बसल्या. सगळं सांगितलं. शिकायचंय, म्हणून तुमचं बोलणं लिहिलं. न विचारता लिहिलं, ते चुकलं. आता विचारायला आलेय.

काकूंनी क्षणाचाही विचार केला नाही. "अगं मग पाठव की. तुझं भलं होत असेल तर माझं काय जातंय?"

वहिनींच्या जिवात जीव आला. उठावं, धावत जावं, अजून भरपूर वेळ आहे, असं एकदम वाटलं. पण रोज सकाळी काही खाण्याआधी थोडा वेळ मुकाट बसायचा त्यांचा नेम होता. लग्नाआधीपासूनचा, तापातही न मोडलेला. मन पळायला लागलं की अंग जागेवर ठेवायचं, एवढंच त्या नेमानं शिकवलं होतं. त्या उठल्या नाहीत. गप्प बसून राहिल्या.

"कोण वाचणार पण?" थोड्या वेळानं काकूंनी विचारलं, सहज विचारावं तसं. "ते गुरुवारवाले?"

"हो. तेच."

"बरं बरं. चांगला माणूस आहे." काकूंनी मान डोलावली. "पाठव तू. मी सांगते ना, पाठव."

त्यांचा हात मात्र चादरीच्या काठावर होता. बोलता बोलता त्या एकेक वीत पुढं सरकवत होत्या, सवयीनं. गुरुवारवाले म्हणताना तो हात थांबला. मग अंगठा आत गेला, चार बोटं त्यावर मिटली आणि मूठ चादरीखाली गेली. तोंड हो म्हणत होतं.

वहिनींना बाहेर कुठंतरी ढकलगाडीची चाकं ऐकू आली. घड्याळाकडं बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पुढच्या वर्षी दार बंद होणार, यजमान इतके दिवस शेजारी बसले, सासूबाई काय म्हणतील, सगळं एकदम मनात आलं. आणि त्या मुठीपुढं त्यातलं काहीच टिकलं नाही.

"नाही पाठवत," त्या म्हणाल्या.

"मी हो म्हटलंय ना?"

"म्हटलंत. तरी नाही पाठवत. ते तुमचं आहे, तुमच्याकडंच राहू दे."

काकूंची मूठ हळूहळू चादरीबाहेर आली. काकूंनी वहिनींच्या गुडघ्यापासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं. एक वीत पण भरली नाही.

"मग माझं एक काम कर," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी हल्ली भाचा झोपायला जातो. तो दाराला आतून कडी घालतो. मी कधी घालत नव्हते. त्याला सांग, घालू नको म्हणून."

"सांगते."

"का, ते सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"आणि उद्याच जा. परवावर टाकू नकोस. आज काय, उद्या काय, असं म्हणता म्हणता माणसं येऊन परत जातात."

वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि उद्या जाते म्हणून शब्द दिला. मग वेणी घातली. घाईत कधी घालत नव्हत्या, तशी त्या दिवशीही घातली नाही.

मॅडमना त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. नोंद जात नाही, आणि उद्या सुट्टी असली तरी घरभेटीला जाऊ द्या. मॅडमनी लगेच परवानगी दिली. नोंदीबद्दल एवढंच विचारलं, की मग अर्जाला काय जोडणार? वहिनींना ते ठाऊक नव्हतं.

घरी पोचल्या तेव्हा लेक संगणक उघडून वाटच बघत होती. नोंद नाही हे ऐकल्यावर तिनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या कुणाचं लिही म्हणाली. वहिनी म्हणाल्या, वॉर्डातल्या कुणाचंच नाही, आता तेवढ्या वेळात कुणाला नीट विचारताही येणार नाही. आतून सासूबाई ओरडल्या, माझं लिही, माझं कुणी ऐकतच नाही. यजमान हसले आणि हसू तिथंच विरलं, कारण भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांनाच दिसत होतं.

"माझं लिही," लेक म्हणाली.

वहिनींनी तिच्याकडं पाहिलं. गेल्या उन्हाळ्यात, परीक्षेत हवे तेवढे गुण पडले नाहीत म्हणून ती दार लावून बसली होती, तेव्हा दाराच्या अलीकडून-पलीकडून दोघींचं बोलणं झालं होतं. ते शब्द वहिनींना पाठ होते.

"पण सगळं नाही," लेक म्हणाली. "मी वाचणार. मला नको ते काढायचं."

वहिनींच्या मनावरचा ताण पहिल्यांदा जरा सैल झाला. आयुष्यात एकच माणूस असं होतं, जे त्यांना तोंडावर नाही म्हणायला कधी कचरलं नव्हतं. जेवायला नाही, झोपायला नाही, सकाळी उठायला तर नाहीच. हिच्या 'हो'वर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

त्या सांगू लागल्या, लेक टंकू लागली. कुठं कुठं ती थांबे, आईकडं न बघता म्हणे, "हे नको." वहिनी म्हणत, "काढ." एका जागी वहिनींच्या स्वतःच्या मनातलं होतं. मुलगी रडत असताना शेजारी काय म्हणतील ही भीती आधी वाटली होती, ते. लेकीची बोटं थबकली.

"हे खरंच वाटलं होतं तुला?"

"वाटलं होतं."

"हे राहू दे," लेक म्हणाली, आणि थोडं थांबून, "मला माहीत होतं म्हणा."

नोंद पहिलीच्या निम्म्यानंही झाली नाही. वाचणाऱ्याच्या काळजाला हात घालील असं तिच्यात काही नव्हतं. मधूनमधून गाळलेल्या जागी टिंबं होती. टिंबांखाली वहिनींनी एक ओळ लिहायला लावली: गाळलेला भाग जिचा आहे तिच्या इच्छेवरून गाळला आहे. यजमान म्हणाले, तपासणाऱ्याला हे अर्धवट वाटेल. वहिनी म्हणाल्या, वाटू दे. बोलताना आवाज स्थिर होता, पण पदराचं टोक त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

लेकीनं कळ दाबली. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. सासूबाईही गुडघे धरत येऊन मागं उभ्या राहिल्या. मग अर्ज मिळाल्याची ओळ उमटली. निकाल महिनाभरानं लागणार होता. लागेल तसा लागेल, असं वहिनींनी देवाला सांगितलं. मागितलं मात्र काही नाही. त्या दिवशी मागायला जीभ वळली नाही.

सकाळी सगळे उशिरा उठणार होते. वहिनी नेहमीसारख्या उठल्या, अंघोळ केली, खिडकीपाशी मुकाट बसल्या. नेम झाला, दोन घास खाल्ले, पिशवी घेतली. सासूबाई जाग्याच होत्या.

"आज सुट्टी ना? निघालीस कुठं?"

"एका घरी निरोप द्यायचाय."

"कुणाकडं? कसला?"

वहिनी नुसत्या हसल्या.

"हिच्या तोंडून एक अक्षर फुटेल तर शपथ," सासूबाई कूस बदलत म्हणाल्या.

दारात वहिनींनी पायपुसण्यावर पाय पुसले, चपला घातल्या. लेकीची झोप मोडू नये म्हणून दार आवाज न करता ओढून घेतलं. भाच्याला काय सांगायचं ते त्यांनी मनाशी जुळवून ठेवलं होतं. खोटं एकही नाही, आणि का म्हणून विचारलंच, तर काकूंची इच्छा, बस. त्या जिना उतरल्या आणि चालू लागल्या.