कबरीचा रवंथ

शाईची डबी पुढं आली तेव्हा गोदाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"कागदात काय लिव्हलंय, ते आधी वाचा," ती म्हणाली.

बहादरपुरातल्या तिच्या अंगणात नऊ बकऱ्या आडव्या पडल्या होत्या. डाव्या कुशी फुगलेल्या, मान पोटाकडं वळवलेली, दातांवर दात घासल्याचा आवाज दारापर्यंत येत होता. दोन सकाळीच मेल्या होत्या. सगळ्या मिळून बकऱ्या बारा. नवरा गेल्यापासून या बारांवरच तिचं घर चाललं होतं.

गुरांचे डॉक्टर बुऱ्हाणपूरहून आले होते. महिन्यापूर्वी राज्याची नवी वाटणी झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, राजधानी भोपाळला आली, आणि दवाखान्यातले जुने मराठी डॉक्टर बदलून गेले. हे नवे साहेब ग्वाल्हेरकडचे. बोलणं हिंदी, कागदही हिंदी. त्यांचा कंपाउंडर अनंत शहरातलाच, मराठी घरातला. त्यानं कागद उचलला आणि अर्थ सांगितला. बकऱ्यांना साथीचा रोग आहे. मालकिणीनं आजारी आणि चांगली, सगळी जनावरं नाल्यापलीकडं न्यायची. चाळीस दिवस गावच्या हाळावर पाणी पाजायचं नाही, गावच्या शिवारात चारायची नाहीत.

नाल्यापलीकडं नुसता मुरूम होता. चाळीस दिवसांत तिथं एकही बकरी उरली नसती. हे गोदाबाईला कळत होतं, आणि ज्यानं डॉक्टर बोलावले त्या गिरधर सरपंचालाही कळत होतं. त्याची केळीची बाग तिच्या घरामागंच होती. बकऱ्या केळीचे कोंब खातात, त्या गावात नकोत, असं तो दोन वर्षांपासून बोलत होता.

"ही साथ नही," गोदाबाई म्हणाली.

"आपको कैसे मालूम?" डॉक्टरांनी विचारलं.

तिला ठाऊक होतं. पण सांगायचं तर स्वतःच्या तोंडानं स्वतःला अडकवायचं होतं. परवा दुपारी ती कबरी नावाच्या बकरीच्या मोडक्या पायाला पट्टी बांधत बसली होती. तेवढ्यात फाटक उघडं राहिलं आणि बाकीच्या अकराजणी गिरधरच्या खळ्यात शिरल्या. तिथं उपणलेल्या ज्वारीची रास होती. त्यांना हाकलून आणेपर्यंत त्यांनी पोटाला तड लागेस्तोवर दाणे खाल्ले. खुरं दिसू नयेत म्हणून तिनं रास हातानं सारखी केली होती. कोणी पाहिलं नव्हतं. ती गप्प राहिली असती, तर कोणाला कळलंही नसतं.

तिनं दारात उभ्या असलेल्या गिरधरकडं सरळ पाहिलं.

"परवा ह्या तुह्या खळ्यात शिरल्या, गिरधरभाऊ. ज्वारीच्या राशीवर पडल्या. रास मी सारखी केली. ज्यांनी दाणे खाल्ले त्याच पडल्या. कबरी घरी बांधलेली व्हती. ती ह्यांच्यातच बसते, एकाच टोपल्यात खाते. तिले काय झालं? साथ असती तं तिलेबी लागली असती."

कबरी कोपऱ्यात मोडका पाय लांब करून बसली होती आणि शांतपणे रवंथ करत होती.

गिरधरच्या कपाळावरची शीर उठली. "म्हंजे चोरी केली तुह्या बकऱ्यांनी."

"केली. चोरीची शिक्षा सांग, मी घेईन. साथीची नही घेणार."

अनंतनं हे सगळं हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी कबरीकडं पाहिलं, पडलेल्या बकऱ्यांकडं पाहिलं. "दाना खाया हो या बीमारी हो, मैं खतरा नहीं ले सकता," ते म्हणाले. "और इलाज क्या करेगी ये?"

"कबरीचा रवंथ पाजीन," गोदाबाई म्हणाली. "माही माय करे तसं."

अनंत क्षणभर घुटमळला. मग त्यानं सांगितलं. डॉक्टर हसले. "दूसरी बकरी का जूठन?"

"हसा," ती म्हणाली. "मले तीन दिवस द्या. एकबी बकरी अंगणाच्या बाहेर येणार नही. गावात दुसऱ्या कोणाची बकरी पडली, तं मी सोता ह्या नाल्यापलीकडं नेईन. आज अंगठा नही."

डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात घातला. चौथ्या दिवशी पोलीस घेऊन येईन, असं सांगून ते निघाले.

त्या दुपारपासून गोदाबाई कबरीच्या समोर बसली. कबरीच्या गळ्यातून गोळा वर येताना दिसायचा. तो तोंडात आला की गोदाबाई तिचा जबडा दाबायची, बोट घालून हिरवा, कोमट गोळा काढून घ्यायची आणि कोमट पाण्यात कालवायची. त्यात चिमूटभर खायचा सोडा. मग वेळूच्या नळीनं ते एकेकीच्या घशात. कबरी चिडायची, शिंगं उगारायची. गोदाबाई तिला हिरवा पाला घालायची, थांबायची आणि पुन्हा बोट घालायची.

तिची धाकटी जाऊ निर्मला बकऱ्यांची डोकी धरायला आली होती. तिला किळस येत होती. "वहिनी, उष्टं पाजता तुम्ही. गाव नाव ठेवतंय."

"तुह्या पोराले तू घास चावून दिला का नही? तवा कोणी नाव ठेवलं?"

निर्मलानं बकरीचं डोकं घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक मेली. सगळ्यांत जास्त दूध देणारी तीच होती. गोदाबाई तिच्याजवळ जरा वेळ बसली. आपलंच चुकत असेल तर, हा विचार तिच्या मनात आला आणि बराच वेळ गेला नाही. कुंपणापलीकडून गिरधरची बायको आशाबाई म्हणाली, "अजून किती मारतेस, नेऊन टाक पलीकडं." गोदाबाईनं नळी धुतली आणि पुन्हा कबरीसमोर जाऊन बसली.

संध्याकाळी तिनं एका काळ्या बकरीच्या डाव्या कुशीला कान लावला. दोन दिवस त्या पोटात भिंतीसारखी शांतता होती. आता आत खोलवर काहीतरी सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. मग काळीनं ढेकर दिला. आंबट वास आला. गोदाबाईनं निर्मलाला जवळ ओढलं आणि तिचा कान त्या कुशीवर टेकवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनंत एकटाच सायकलवरून आला. आठांपैकी सहा उभ्या होत्या. त्यानं एकेकीच्या कुशीला हात लावून पाहिला. मग त्यानं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. "काकू, एकीत कबरीचा रवंथ द्या. दुसरीत, अजून पडलेल्या आहेत त्यातल्या एकीच्या पोटातलं पाणी काढतो. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक दुर्बीण आहे. बाटल्या गार होता कामा नयेत."

"मंग त्या मी आणते," ती म्हणाली. तिनं दोन्ही बाटल्या कमरेला, पदराच्या आत बांधल्या आणि बुऱ्हाणपूरपर्यंत चालत गेली.

डॉक्टरांनी आधी पडलेल्या बकरीच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला. बराच वेळ पाहिलं. मग दुसरा, कबरीच्या रवंथाचा. मग पुन्हा पहिला. शेवटी ते खुर्चीवरून उठले आणि तिला खूण केली.

गोदाबाईनं डोळा लावला. पहिल्या थेंबात नुसता गाळ होता. दुसऱ्यात गर्दी होती. केसाळ, लांबट जीव एकमेकांवर आपटत फिरत होते आणि त्यांच्या मधल्या जागेत धुळीएवढे बारीक ठिपके थरथरत होते.

"चारा हेच पचवतात," अनंत म्हणाला. "बारीक ठिपके दिसतात ना, ते जंतू. एकदम दाणा पडला की पोट आंबतं आणि हे मरतात. मग बकरीनं कितीही खाल्लं तरी पोट चालत नाही. तुम्ही कबरीचे जिवंत जंतू त्यांच्या पोटात नेऊन सोडलेत."

"कॉलेज में पढ़ा था," डॉक्टर खिडकीकडं पाहत म्हणाले. "कभी किया नहीं."

"मंग आता लिव्हा," गोदाबाई म्हणाली. "मराठीत लिव्हा. आणि वाचून दाखवा."

नवा कागद अनंतनं लिहिला. रोग नाही, दाण्यानं झालेलं अपचन. जनावरं गावात राहतील. डॉक्टरांनी खाली सही केली. तिनं तो अनंतकडून दोनदा वाचून घेतला, मग अंगठा दिला.

चोरीचं राहिलं होतं. गिरधरनं पंचांना बसवलं. कोणी काही विचारायच्या आधी गोदाबाईनंच खळ्याची सगळी हकीकत सांगितली. पंचांनी तिला तीन दिवस गिरधरच्या खळ्यात ज्वारी उपणायला सांगितलं. ती गेली. वारा धरून सूप उंच करायची, भूस उडायचं, दाणे पायाशी पडायचे. पहिल्या दिवशी गिरधर लांब बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो जवळ आला. "मोठ्या गुरालेबी चालतं का ते?" त्यानं हळू विचारलं. "रवंथाचं?"

"चालतं. पण चांगलं ढोर जवळ लागते. सगळं नाल्यापलीकडं घालवलं तं कोणाचा काढशील?"

गिरधरनं सांडलेले दाणे हातानं राशीत लोटले.

तिसऱ्या दिवशी रास झाली. तिनं सूप ठेवलं आणि लुगडं झटकलं. घरी जायला रस्ता लांबून होता. जवळची वाट गिरधरच्या केळीतून जात होती आणि त्या वाटेनं त्यानं कधी कोणाला जाऊ दिलं नव्हतं. गिरधर बांधावर उभा होता. गोदाबाई त्याच्यासमोरून केळीत शिरली आणि पानं हातानं बाजूला सारत, मधोमध चालत घरी गेली.